बोर्ड गेलेलं नाही हो, कागद सर्दावलाय!

पावसाळा लागला की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत एकच रडगाणं: प्रिंटर कागद ओढत नाही. दुरुस्तीवाल्याचं उत्तरही ठरलेलं, "बोर्ड गेलंय," म्हणजे मशीनचं मुख्य सर्किटच जळलंय. मोटर फिरतेय, दिवा लागतोय, कॉम्प्युटरला मशीन दिसतंय, तरी बोर्ड गेलं! काय राव, डोळे आहेत का बटणं?

आधी ट्रेमधला कागद बोटांत धरून बघा की. ५०० पानांच्या रीमचं वेष्टण फाडून गठ्ठा पंधरा दिवस खिडकीखाली उघडा पडलाय, बाहेर धो धो पाऊस. कागद हवेतलं पाणी पितो. लेझर प्रिंटरच्या फ्यूजरमध्ये, म्हणजे पावडर वितळवून कागदावर चिकटवणाऱ्या गरम भागात, २०० अंशांच्या आसपास तापला की त्या पाण्याची वाफ होते, पान पापडासारखं वळतं आणि बाहेर पडायच्या तोंडालाच अडकतं. दोन-दोन पानं चिकटून जातात ते वेगळंच. ट्रेत पन्नासेक पानं ठेवा, बाकीची प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. एवढंही जमत नाही?

मग ट्रेतलं पान आत ओढणारा तो रबरी पिकअप रोलर बघा. चांगला असेल तर बोटाला धरतो. कागदाची भुकटी बसली की चकचकीत होतो आणि पानावरून नुसता घसरतो. प्लग काढायचा, सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, रोलर फिरवत पुसायचा, खालचं, पानं एकेक सुटी करणारं सेपरेशन पॅडही पुसायचं, वाळू द्यायचं. तरी घसरला तर रोलर बदला, बोर्डापुढं त्याची किंमत किरकोळ आहे. आणि रबराला थिनर चोळणाऱ्या महाभागांना तर कोपरापासून नमस्कार. रबर फुगवून ठेवतात आणि वर म्हणतात कंपनीचा माल खराब!

अडकलेलं पान उलटं हिसकू नका हो. कार्ट्रिज काढा, पान दोन्ही हातांनी धरा आणि ज्या दिशेनं जात होतं त्याच दिशेनं सावकाश ओढा. फाटलं तर नखाएवढा कपटा सेन्सरच्या दांडीशी राहतो आणि मशीन मोकळं असूनही दिवसभर 'पेपर जाम' म्हणत बसतं.

रिफिलवाल्यांची तर कमालच. एचपीच्या लेझरच्या १२ए कार्ट्रिजमध्ये नवी पावडर ओततात, पण वेस्ट टोनरचा, म्हणजे वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा रिकामा करत नाहीत. तो भरला की पावडर पानभर सांडते. ठरावीक अंतरानं काळे ठिपके येत असतील तर पट्टी लावून मोजा. या कार्ट्रिजात दर ७५ मिलिमीटरला ठिपका म्हणजे पानावर चित्र उमटवणाऱ्या ड्रमवर ओरखडा, कारण त्याचा एक फेरा तेवढाच असतो. सलग उभी रेघ आली तर ड्रम पुसणारं वायपर ब्लेड तपासा. मोजायला पट्टी लागते, डिप्लोमा नाही!

इंकटँकवाले (शाईच्या टाकीचे प्रिंटर वापरणारे) रंग तुटला की दहा वेळा हेड क्लीनिंग मारतात, म्हणजे शाईची भोकं साफ करायला लावतात. आधी कुठली भोकं बंद आहेत ते दाखवणारं नोझल चेकचं पान काढा, क्लीनिंग दोनदा-तीनदा, नाही सुटलं तर रात्रभर थांबा. क्लीनिंगमध्ये वाया जाणारी शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये मुरते, पॅड भरलं की मशीनच अडून बसतं.

आणि पान निघेना म्हणून प्रिंटचं बटण बडवणारे! स्पूलरमध्ये, म्हणजे विंडोजच्या छपाईच्या रांगेत, एक फाईल अडकली की मागच्या सगळ्या रांगेत उभ्या. 'सर्व्हिसेस'मध्ये प्रिंट स्पूलर थांबवा, सिस्टीम ३२ मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' आहे, त्यातल्या फाईली उडवा, स्पूलर परत चालू करा. नाहीतर संध्याकाळी एकाच सातबाऱ्याच्या अकरा प्रती बाहेर पडतात, त्याही रंगीत.