माझ्या रिमोटवर तुमचं बोट नको

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "घरात वीसच्या खाली एसी लागतोच कोणाला? नुसते चोचले. सरकारने लॉक केलं तर बरंच होईल." त्याखाली भराभर अंगठे पडले. तेव्हापासून डोकं तापलंय. तिथे बोलले नाही, इथे बोलते.

मला लागतो, काका. माझी पाळी जायचे दिवस आहेत. रात्री दोन-अडीचला छातीतून एकदम गरम लाट वर चढते आणि जाग येते. मान, कानामागे, केसांची मुळं, सगळं ओलं. गाऊन पाठीला चिकटलेला. मी उठते, एसी 18 वर करते, त्याच्या अगदी खाली उभी राहून केस दोन्ही हातांनी वर धरते आणि मानेवर तो गार झोत घेते. थोड्या वेळाने उतरतं. मग परत 25 करून झोपते. ह्याला चोचले म्हणतात?

2025 च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जाहीर केलं, की एसी 20 ते 28 अंशांतच चालतील असा नियम आणणार. त्याच्या खाली नाही, वर नाही. रात्री अडीचला मी कशातून जातेय हे त्या आकड्याला कुठे माहीत आहे? ज्यांच्या अंगात थायरॉइडचं हार्मोन जास्त बनतं त्यांना उकाडा सोसत नाही, त्यांचं काय?

मी वीज उधळणारी बाई नाही. 2015 मध्ये उजाला योजनेचे एलईडी बल्ब आले तेव्हा रांगेत उभं राहून आणले. पिवळे बल्ब घराघरांतून गेले ते कोणी पोलीस पाठवला म्हणून नाही, एलईडी स्वस्त झाले म्हणून. सरकार, फ्रिजवर वीजबचतीचे स्टार लावा, पंख्यावर लावा (2023 पासून सक्तीचं केलंतच), एसी कमी विजेत चालेल असा बनवायला कंपन्यांना भाग पाडा. 2020 पासून नवा एसी सुरू केला की आधी 24 वर येतो, तेही उत्तम. ज्याला हवं तो बदलतो. सुचवणं वेगळं आणि कुलूप लावणं वेगळं.

कोणी म्हणेल, 20 ची मर्यादा हाही एसी बनवणाऱ्या कंपन्यांवरचाच नियम. असेल. रात्री तो माझ्या अंगावर येतो.

एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे मान्य. मे महिन्यात आमच्या नागपुरात पारा 45 च्या पुढे जातो, सगळे एसी एकदम सुरू होतात आणि ताण येतो, हेही मान्य. पण मग 2018 मध्ये विमानतळ, हॉटेलं, ऑफिसं यांना 24 ते 26 ठेवा म्हणून नुसता सल्ला का दिलात? मल्टिप्लेक्समध्ये आजही शाल घेऊन बसावं लागतं. त्यांना सल्ला आणि मला सक्ती?

लिहिता लिहिता आईची आठवण आली. आमच्या लहानपणी अकोल्याच्या घरात उन्हाळ्याच्या रात्री आई उठून मागच्या दाराच्या पायरीवर बसायची, ओला पंचा मानेवर टाकून. आम्हाला वाटायचं, बाबांशी भांडलीय. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आता त्याच वयात आल्यावर कळतंय तिला काय होत असेल. तिच्याकडे पायरी आणि पंचा होता. माझ्याकडे एसी आहे, माझ्या पगारातून घेतलेला, आणि त्याचं बिल मी भरते. महावितरण जास्त युनिटला जास्त दर लावतंच, तोही भरते, कुरकुर न करता.

हवं तर 20 च्या खाली गेलं की स्क्रीनवर लाल दिवा लागू द्या. किती वीज जातेय, किती रुपये होतायत, आकडा दाखवा. मी बघेन आणि माझं मी ठरवेन.

मैत्रिणींनो, ज्यांचं असं होतंय त्यांनी खाली लिहा. नाव द्यायचं नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा, तुमची ओळख न देता मी तुमचं म्हणणं ग्रुपवर टाकीन. नियम करणाऱ्या समितीत आपल्या वयाच्या दोन बायका आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ बसवा, असं पत्र ऊर्जा मंत्रालयाला लिहितेय. सह्या हव्यात.