मिस बेट्सची पानं मीही गाळली होती

जेन ऑस्टिनची 'एमा' ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यातल्या बडबड्या मिस बेट्सनं तोंड उघडलं की मी सरळ पान उलटायचे. बाई बोलायला लागली की थांबतच नाही! आईचा चष्मा, भाजलेली सफरचंदं, भाचीचं पत्र... एक वाक्य धड पुरं होईल तर शपथ. डॅशच डॅश. म्हटलं, ऑस्टिनला हे कुणी कापायला कसं सांगितलं नाही?

(पुढे कथानक फुटतंय. पण १८१५च्या डिसेंबरात आलेल्या कादंबरीचं काय लपवायचं!)

दुसऱ्या वाचनात माझीच मला लाज वाटली. कारण नायिका एमाही मिस बेट्सच्या बाबतीत हेच करते.

निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण बराचसा मुक्काम एमाच्या डोक्यात. 'एमाला वाटलं' असं ऑस्टिनबाई दर वेळी सांगत बसत नाहीत, तिचं मत निवेदनाच्याच सुरात येतं. आपण बोलताना हे सर्रास करतो: 'सासूबाई आल्या. झालं, आता महिनाभर मुक्काम!' यातलं 'झालं' सुनेचं, हे सांगावं लागत नाही. ऑस्टिनबाईंचं 'झालं' मात्र इतकं सभ्य आणि ठाम असतं, की ते एमाचं आहे हेच आपण विसरतो. गावचा पाद्री मिस्टर एल्टन आपल्या मैत्रिणीवर, हॅरिएटवर भाळलाय असं एमाला वाटतं, म्हणून आपल्यालाही. मग तो बंद घोडागाडीत एमालाच मागणी घालतो.

खरी चुगली करतात ते संवाद. फ्रँक चर्चिल सावत्र आईला, मिसेस वेस्टनना सहज विचारतो, गावचे वैद्य पेरी, त्यांच्या नव्या घोडागाडीचं काय झालं? तुम्हीच तर पत्रात लिहिलं होतं. मिसेस वेस्टन म्हणतात, मी? मला तर आत्ता कळतंय. मग तो सारवासारव करतो: अरेच्चा, मग स्वप्नच पडलं असणार! आणि मिस बेट्स, जी दोन मिनिटं आपलं म्हणणं ऐकवायला धडपडतेय, ती सांगते की ही बातमी खुद्द मिसेस पेरींनी आमच्याकडे गुपित म्हणून सांगितली होती, भाची जेनला ठाऊक होती. म्हणजे फ्रँकला कुणी कळवली? फ्रँक आणि जेनचं चोरून ठरलेलं लग्न, हे कादंबरीचं सगळ्यात मोठं गुपित त्या बडबडीत उघडं पडलेलं असतं. मी ते पानच उलटलं होतं.

म्हणून बॉक्स हिल या टेकडीवरची सहल आता वाचवत नाही. फ्रँक खेळ काढतो, प्रत्येकानं एक चतुर गोष्ट सांगायची, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स स्वतःवरच हसते, तीन रटाळ म्हणजे माझंच काम. एमाला राहवत नाही. अडचण एवढीच, ती म्हणते, एका वेळी तीनच! टोमणा बाईला लगेच कळतही नाही. कळतो तेव्हा राग नाही, फक्त चेहरा किंचित लाल. मग ती म्हणते, मी फारच नकोशी होत असणार, नाहीतर जुन्या मैत्रिणीला एमा असं बोलली नसती.

पहिल्या वेळी मी या टोमण्यावर हसले होते.

परवा मागं जाऊन ती चष्म्याची पानं वाचली. एमा मिस बेट्सच्या घरात शिरते तेव्हा तिची म्हातारी आई डुलक्या काढतेय, शेजारी फ्रँक तिचा चष्मा दुरुस्त करण्यात गढलेला, आणि जेन पाठ करून पियानोत डोकं घालून उभी.