लढा, लढाई आणि झुंज

आजच्या वर्तमानपत्राच्या एकाच पानावर मला पाच युद्धे सापडली. प्रचाराच्या तोफा धडाडत होत्या, एक पक्ष बालेकिल्ला राखण्यासाठी मोर्चेबांधणीत गुंतला होता, दुसऱ्याचे शिलेदार फुटले होते, कांद्याच्या दरावरून आरपारची लढाई पुकारली गेली होती आणि पानाच्या तळाशी एका दिवंगत गृहस्थांची आजाराशी चाललेली झुंज अपयशी ठरली होती. एवढी रणधुमाळी वाचून होईपर्यंत चहासुद्धा निवला नव्हता.

रणभाषेचे मला वावडे नाही. तक्रार आहे ती सगळ्या शब्दांना एकाच तराजूत घालण्याची. माझ्या कानाला लढाई आणि लढा हे दोन शब्द वेगळे लागतात. लढाईत समोरच्याचा पाडाव करायचा असतो. लढ्यात मात्र तो उद्याही याच गावात, याच नदीकाठी आपल्यासोबत राहणार आहे, हे गृहीत धरावे लागते.

मोर्चा या शब्दाचेच पाहा. मराठ्यांच्या काळात किल्ल्याला मोर्चे लावत, म्हणजे आडोसे उभारून, तोफा रोखून वेढा आवळत. आज त्याच शब्दाने आपण निःशस्त्र माणसांचे चालणे ओळखतो. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकरी-आदिवासींचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यातली एक मोठी मागणी होती. दहावीची परीक्षा सुरू असल्याने मुलांची अडचण होऊ नये म्हणून त्या माणसांनी, कित्येकांचे पाय सोलवटलेले असतानाही, शेवटचा टप्पा रात्रीतूनच पार केला. वेढा घालणारी फौज आतल्या मुलांच्या परीक्षेचे वेळापत्रक पाहत नाही.

याहून अवघड उदाहरण नाशिकच्याच पंचवटीत आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रही चारही दरवाजांपुढे ठाण मांडून बसले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. पुढे अनेकांनी तुरुंगवास भोगला आणि दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे तगवून धरला. दरवाजा काही उघडला नाही. वर्तमानपत्री हिशेबाने हा पराभवच म्हणायचा. परंतु १९३४ मध्ये दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण हा सत्याग्रह आरंभला नव्हता. त्यांच्यात चेतना यावी आणि स्वतःच्या स्थितीचे त्यांना भान यावे, यासाठी तो होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. ज्या दारासाठी इतकी वर्षे बसलो त्या दाराकडेच पाठ फिरवण्याचे बळ त्या बसण्यातून आले, असे मी मानतो. याला विजय म्हणावे की माघार, हे सांगणारा शब्द रणभाषेत मला तरी सापडत नाही.

तालमीतल्या मातीला हे बहुधा अधिक कळते. तिथे शड्डू ठोकणारा पैलवान सलामी देताना प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला माती लावतो, आणि चितपट झालेल्याला जिंकणाराच हात देऊन उठवतो. (आपले राजकारणी आखाड्यात उतरतात, ते बहुधा फक्त शड्डूपुरते.)

राहता राहिली झुंज. माझी मावशी दोन वर्षे आजारी होती. त्या काळात ती वेळेवर औषध घेई, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवे आणि डॉक्टरांना लोणच्याची कृती सांगे. झुंजताना मी तिला कधी पाहिले नाही. ती गेल्यावर श्रद्धांजलीच्या फलकाचा मजकूर तपासायला आला, त्यात ‘झुंज अपयशी’ असे होते. मी तेवढी ओळ खोडली आणि तिथे फक्त तिचे नाव मोठ्या अक्षरांत घ्यायला सांगितले.