पद्यपत्र वाचू नये, मोजावे

घरातल्या जुन्या पेटीत एखादे लांबलचक पद्यपत्र सापडले, तर ते लगेच वाचायला बसू नये. वाचले की मजकूर कळतो, आणि मजकूर कळला की छंदोविश्लेषणाला लागणारी तटस्थता पार नाहीशी होते. कागद सुलटा धरला आहे ना, एवढे पाहून थेट पेन्सिल घ्यावी आणि लघुगुरूच्या खुणा करू लागावे.

उदाहरणादाखल असे समजू या की गोव्यातल्या पेडण्याच्या थोरल्या बहिणीने मडगावच्या धाकट्या भावाला ओव्यांचे भले मोठे पत्र कुणाकडून तरी लिहवून धाडले आहे, आणि त्यात ही एक ओवी आहे:

पडवीचीं कौलें फुटलीं । भिंतीची माती सुटली । गोठ्यांतली गाय आटली । धाड रे पैसे ॥

आपल्याला गण ओळखण्याचे ‘यमाचा, राधिका, ताराप’ शाळेपासून पाठ आहेच; तेव्हा प्रत्येक चरणाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडावेत. शार्दूलविक्रीडितात चरणाला 19 अक्षरे असतात, पृथ्वीत 17 असतात, आणि इथे 9, 8, 9, 5 अशी दैन्यावस्था आहे. दुसऱ्या चरणात भिंतीच्या मातीबरोबर एक अक्षरही गळून पडले आहे, असा शेरा जरूर मारावा. ओवी गणवृत्तात बसत नाही, तिच्या चरणातली अक्षरे कमीजास्त होतात आणि उणे पडलेले गाणारीचा गळा लांबवून भरून काढतो, हे जात्यावर बसलेल्या किंवा धालो या गोव्यातल्या बायकांच्या नाचगाण्याच्या मांडावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. म्हणूनच अशा बाईला विचारायला जाऊ नये. एकदा तिने सांगितले की दाखवायला दोषच उरत नाहीत.

यमकाकडे वळताना अधिक सावध असावे. फुटलीं, सुटली, आटली असे तीन चरण जुळतात, आणि चौथा आखूड असून यमकावाचून सुटतो. ओवीची रीतच ही आहे. तीन चरण चढत जाऊन चौथ्यावर आवाज खाली येतो, ऐकणाऱ्याचा कान तिथेच थांबतो, आणि म्हणूनच बहिणीने मागणे नेमके तिथे ठेवले आहे. आपण मात्र ‘तिसऱ्या चरणाअखेर कवयित्रीची यमकशक्ती क्षीण होते’ असे लिहावे आणि ‘फुटलीं’वरचा अनुस्वार ‘सुटली’वर नाही, याची वेगळी तळटीप द्यावी.

पत्र मोडीत असेल तर सोन्याहून पिवळे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नाही. ‘फुटली’तला उकार ऱ्हस्व आहे, हे पुढे देवनागरीत उतरवणाऱ्या नातवाने ठरवलेले असते. म्हणजे लघुगुरूचे जे कोष्टक आपण आजीच्या नावावर मांडतो, त्यातला बराचसा भाग नातवाच्या शुद्धलेखनाचा असतो. ही गोष्ट प्रस्तावनेत सांगू नये. उलट ‘मात्रांबाबत कवयित्रीची बेफिकिरी’ असे एक स्वतंत्र प्रकरण काढावे. निबंध सभेत वाचताना नातू पुढच्या रांगेत बसलेला असतो आणि तो काही बोलत नाही.

कोणी चांगदेव पासष्टीचा दाखला काढेल. पत्रात मायना ‘चिरंजीव’ लिहावा की ‘तीर्थरूप’, हे ठरेना म्हणून चांगदेवांनी कोराच कागद पाठवला आणि ज्ञानेश्वरांनी त्याला 65 ओव्यांचे उत्तर दिले, ही कथा सर्वांना माहीत आहे. त्यातली पहिलीच ओवी ‘स्वस्ति श्रीवटेशु । जो लपोनि जगदाभासु । दावी मग ग्रासु । प्रगटला करी’ अशी आहे. अक्षरे 6, 9, 6, 6 भरतात, आणि ‘शु’ला ‘सु’ जुळवला आहे. अशा वेळी ज्ञानेश्वरांच्या बाबतीत ‘आर्ष प्रयोग’, म्हणजे ऋषींना चालणारी सूट, म्हणावे आणि पेडणेकरीण बहिणीच्या बाबतीत ‘सदोष’ म्हणावे. आपल्या कसोटीवर निर्विवाद टिकणारे पत्र त्या व्यवहारात एकच होते, आणि ते चांगदेवांचे.

सासष्टीतला एखादा श्रोता मग फादर स्टीफन्स यांचे नाव घेईल. जन्माने इंग्रज असलेल्या त्या पाद्र्याला आपल्या माणसांच्या कानात काय बसते हे कळले होते, म्हणून 1616 साली रायतूरला छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण ओवीत आहे, वगैरे. त्या श्रोत्याला नम्रपणे सांगावे की ते पुराण आहे, पत्र नव्हे.

एवढ्या तयारीनंतर निबंध सभेत वाचावा. कौले शाकारली गेली का आणि भावाने पैसे धाडले का, असे कोणी मागच्या रांगेतून विचारलेच, तर हा प्रश्न छंदशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे असे सांगून अध्यक्षांकडे पाहावे.