पोटात जंत सोडायचे?

मालवणात बंदराकडे जाताना आमचा कट्टा लागतो. काल संध्याकाळी बबनने तिथे सगळ्यांपुढे मोबाइल धरला. त्याला क्रोन हा आतड्याचा आजार आहे. सहा वर्षं आतड्याला सूज, स्टेरॉइड बंद केलं की पुन्हा रक्त.

"डुकराच्या जंताची अंडी मिळतत. ती गिळली की ह्यो आजार शांत होता म्हणतत. मागवू काय?"

"खुळो झालंस काय रे?" सुलभाताई उसळल्या. आरोग्यसेविका म्हणून नोकरीभर त्यांनी जंताच्या गोळ्या वाटल्या. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्यात: आधी तळव्यांना खाज, मग हुकवर्म हा जंत आतड्याला चिकटून रक्त पिणार, बाई पांढरीफटक, दोन पायऱ्या चढली की धाप.

"पण 2005 साली अमेरिकेत 29 जणांका दर तीन आठवड्यांनी 2500 अंडी दिली. चोवीस आठवड्यांनी 21 जणांचो आजार शांत. ह्यां खोटां?"

खोटं नाही, आणि मी ते त्याला सांगितलं. जंताला आपल्या पोटात टिकायचं असतं, म्हणून तो आपली प्रतिकारशक्ती थंड करतो. क्रोनमध्ये हीच शक्ती स्वतःच्या आतड्यावर उठते. कल्पना पटण्यासारखी आहे. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी कुणालाही खोटं औषध दिलं नव्हतं, आणि क्रोन मधूनमधून आपोआपही शमतो. पुढे मोठ्या चाचण्यांत काहींना अंडी, काहींना अंडी नसलेलं खोटं औषध अशी तुलना झाली, तेव्हा अंडी सरस ठरली नाहीत. इंग्लंडात नॉटिंगहॅमला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर उठते त्या आजाराच्या, 71 रुग्णांवर हुकवर्मची चाचणी झाली. अळ्या दंडावरच्या पट्टीतून शिरल्या. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी वाढल्या, पण मेंदूच्या स्कॅनमध्ये ठोस फरक दिसला नाही.

माझं म्हणणं एवढंच की जंत ज्या रसायनांनी आपल्याला गप्प करतो ती शोधून त्यांचं औषध करा. जिवंत जंत, तोही कुणा अनोळखी विक्रेत्याकडून, बबनच्या सुजलेल्या आतड्यात नको.

बबन बराच वेळ चहाच्या रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर इंजेक्शन सांगतत. त्याचे पैशे खंयसून आणू?"

कुणालाच उत्तर सुचेना. सुलभाताईंनी त्याच्या पिशवीतली फाइल मागून घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या कागदापासून वाचायला लागल्या.