दहा मिनिटांत खडी गंमत म्हणे!

आज तालुक्याच्या लोककला महोत्सवातून आलो तेव्हापासून डोकं तापलंय. लिहून मोकळा होतो. कोणाला लागलं तर लागू द्या.

खडी गंमतवाले आले होते, आपल्याच भंडाऱ्याकडचे. दोन पार्ट्या, म्हणजे शाहिरांचे दोन संच, उभ्यानं सवाल-जवाब रंगवतात तो हा तमाशासारखा खेळ. वेळ दहा मिनिटं! गण झाला, गौळण अर्ध्यावर सोडली आणि शाहिरांनी थेट सवाल टाकला. समोरच्या पार्टीचा शाहीर जवाबासाठी डफ घेऊन पुढं आला, तेवढ्यात पाहुण्यांची गाडी लागली. माइक काढून घेतला. शाल, नारळ, सत्कार, मग लांबलचक भाषण. विषय? 'लोककला जगली पाहिजे.' अन् जवाबवाला डफ काखेत मारून पडद्याआड उभा!

राजेहो, सवाल-जवाबावर उभी असलेली कला, तिचा जवाबच कापता? भाऊबीजेनंतर आपल्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, तिथं येऊन पाहा. दोन पार्ट्या समोरासमोर. सवाल अडला की साडी नेसलेला नाच्या ढोलकीवाल्याची मस्करी करत वेळ काढतो, तोवर शाहीर पुराणातला दाखला शोधत असतो. माणसं जागची हलत नाहीत.

आणि 'आता लोकांना वेळ कुठं' हे तर मला सांगूच नका. गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्र रात्र नाटकं करतात, लोक तिकीट काढून थंडीत बसतात. त्याच झाडीपट्टी (पूर्व विदर्भातल्या) रंगभूमीसाठी नट परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली. फुकटच्या मांडवात मात्र आयोजकांनाच घाई!

बरं, महोत्सव नसता तर शहरातल्या पोट्ट्यांनी तुणतुणं पाहिलं नसतं, हे मान्य. एक पोरगं तर तार छेडून छेडून हटतच नव्हतं.

नंतर मांडवामागं गेलो. म्हटलं, "शाहीर, जवाब काय होता जी?" म्हातारा आधी लाजला. मग जनरेटरच्या धडधडीत, आम्हा चार-पाच जणांपुढं, कानावर हात ठेवून अख्खा जवाब गायला. सवाल टाकणारा शाहीरही उभा होता, "वा रे पठ्ठ्या" म्हणाला. राग तिथंच जरा उतरला होता.

पण मानधनाचं विचारलं तर म्हणे, बिल पास झाल्यावर. गाडीभाडं पार्टीनं खिशातून भरलं. चढला ना राग परत!

पुढच्या वर्षी पार्ट्या निम्म्या बोलवा, पण तासभर तरी उभं राहू द्या. पैसे त्याच रात्री हातात द्या. आणि शाली नका देऊ, त्यांच्या घरी ढीग पडलाय.