घरात कोणी लहान आहे का?

काल संध्याकाळी इंटरनेट दुरुस्त करायला आलेल्या पोराने एकदा टीव्हीमागच्या गुंत्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "काका, घरात कोणी लहान आहे का? त्यांना समजावून सांगतो."

मी 52 वर्षांचा, बँकेत आहे. घरात लहान कोणी नाही. पण समोरच्या फ्लॅटमधली सातवीतली चिमुरडी आमच्यासाठी अळूवड्यांचा डबा घेऊन आली होती आणि सोफ्यावर बसून त्यातलीच एक खात होती. पोराचा जीव भांड्यात पडला.

"काका, लाल दिवा कशाचा लागलाय?" तिने चौकशी सुरू केली.

"राउटरचा."

"तो ओएनटी आहे. राउटर शेजारचा."

तीन वर्षं मी दोन्ही डबे एकाच फडक्याने पुसतोय. त्यांची कामं वेगळी असतील अशी शंका यायचं कारणच नव्हतं.

"एलओएस लिहिलंय बघा. म्हणजे सिग्नलच येत नाहीये. बाहेरून काचेच्या धाग्यातून उजेड येतो, ओएनटी त्याचे विजेचे सिग्नल करतो आणि राउटर ते घरभर वाटतो. एकाने पातेलं आणायचं, दुसऱ्याने वाढायचं."

"आणि वायफाय?"

"बुफे."

पोरगा मान डोलावत होता. मी टॉर्च धरून उभा.

"आणि तुमच्या वायफायच्या नावात फाइव्ह जी आहे ना, ते मोबाइलवालं नाही. 5 गिगाहर्ट्झ. पळतं जोरात, पण भिंत आली की दमतं. 2.4 वालं हळू, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचतं."

आमच्याकडे फाइव्ह जी आहे, हे मी व्याह्यांनासुद्धा ऐकवलं होतं.

एवढ्यात पोराने कपाटामागून पांढरी वायर ओढली. शनिवारच्या साफसफाईत मी ती छान घडी घालून कोथिंबिरीच्या जुडीच्या रबराने बांधली होती. "काका, ही वायर नाही, काच आहे. आतली उजेडाची वाट फक्त 9 मायक्रॉनची. एवढी दुमडली की उजेड बाहेर सांडतो." रबर निघालं, लाल दिवा विझला. 300 रुपये.

रबर काढायचे 300! फ्रिज घेतला तर सोबत पुस्तक येतं. इथे दोन डबे, तीन अडॅप्टर भिंतीवर टांगून गेले आणि वायर घट्ट दुमडू नका, एवढी मराठीत चिठ्ठी चिकटवायचं कोणाला सुचलं नाही. 100 एमबीपीएसचे पैसे भरतो आणि फाइल उतरते 12 च्या वेगाने. विचारलं तर म्हणे ते बिट, हे बाइट, 8 ने भागा. भागतो की! आयुष्यभर तेच केलंय. पण पावती भागलेली का देत नाही?

निघताना त्याने राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. "काका, पासवर्ड अजून अ‍ॅडमिनच आहे?"

शाखेत सगळ्यांना वेळच्या वेळी पासवर्ड बदलायला लावणारा माणूस मीच.

"मी बदलते," म्हणत चिमुरडीने तेलकट बोटं फ्रॉकला पुसली, पासवर्ड टाकला, रिकामा डबा घेतला आणि घरी गेली. पोराने स्वतःचा नंबरही तिच्याच हातावर लिहून दिला होता.

नवा पासवर्ड मला अजून माहीत नाही. सकाळपासून दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. शाळेतून साडेपाचला येते म्हणे.